नाशिकहून विमानाने जाताय? अंतर-वेळेच्या हिशेबातल्या या चुका टाळा

मामांना दिल्लीला जायचं होतं. पेपरच्या कोऱ्या कडेला त्यांनी हिशेब मांडला: अंतर ९९० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८००, म्हणजे सव्वा तास. तिकिटावर मात्र दोन तासांच्या आसपासची वेळ होती. "हे वाटेत कुठे थांबतं का रे?" त्यांनी मला विचारलं.

थांबत नाही. ओझर, म्हणजे नाशिकचा विमानतळ, ते दिल्ली हवाई अंतर साधारण ९९० किलोमीटर आहे, हे मामांचं बरोबर होतं. चूक झाली ती वेग लावताना. ८०० चा वेग उंचावर पोचल्यावरचा. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. तिकिटावरची वेळ तर विमान जागेवरून हललं तिथपासून, दुसरीकडे जागेवर लागेपर्यंतची. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, दिल्लीवर गर्दी असली तर आकाशात घिरट्या घालणंही आलं. शिवाय विमान ठरलेल्या हवाई मार्गांनीच जातं, पट्टीने आखलेल्या रेषेवरून नाही. म्हणून भागाकार करत बसू नका, तिकिटावरची वेळ धरा.

दुसरी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे घरापासूनचा वेळ न मोजणं. ओझर नाशिक शहरापासून वीसेक किलोमीटर, म्हणून लोक अर्धा तास धरतात. पण संध्याकाळी द्वारका चौकात अडकलात की तो अर्धा तास तिथेच जातो. पुढे आडगावपासून दहाव्या मैलापर्यंत कांद्याचे ट्रक आणि द्राक्षांच्या हंगामातले ट्रॅक्टर असतातच. देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं. नाशिकरोड किंवा सिडकोतून निघणाऱ्याने तरी विमानाच्या अडीच तास आधी घर सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईहून विमान असेल तर हिशेबच वेगळा. रस्ता १७० किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसारा घाटाचा जाच कमी झाला. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे. त्यामुळे चार तास हाताशी ठेवा, पावसाळ्यात पाच. आणि टर्मिनल एक की दोन, ते तिकिटावर नीट बघा. दोन्हींचे दरवाजे वेगळ्या रस्त्यांवर आहेत. चुकीच्या दारात सामान उतरवून पुन्हा टॅक्सी शोधताना माणसाचा जीव कसा कासावीस होतो, हे मी जवळून पाहिलंय.

परदेशाच्या तिकिटावर आणखी एक घोळ होतो. तिथे प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी दहाला मुंबईहून निघून साडेअकराला दुबई, असं दिसलं तर प्रवास दीड नाही, तीन तासांचा आहे. परतताना तेवढाच प्रवास कागदावर साडेचार तासांचा दिसतो. लंडनला तर हा फरक उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा असतो, म्हणून मुलांना फोन करण्याआधी महिना बघा.

मामांच्या दिल्लीच्या प्रवासाचा हिशेब आम्ही मग नव्याने मांडला. घर ते ओझर पाऊण तास, तिथे दीड, विमानात दोन, बॅगांना अर्धा, दिल्लीत भाच्याच्या घरापर्यंत एक. झाले पावणेसहा तास. मामांनी भाच्याला फोन लावला आणि जेवणाची वेळ एकची तीन करून घेतली.