मुंबईचा जीआयएस नकाशा करताना या चुका टाळा

एका विद्यार्थिनीनं जीआयएसमध्ये, म्हणजे जागेची माहिती थराथरांनी मांडणाऱ्या संगणक-प्रणालीत, केलेले ठाणे खाडीचे दोन नकाशे आणले होते. दहा वर्षांत खाजण, म्हणजे भरतीत बुडणारी काठची दलदल, किती वाढलं, हे दाखवणारे. रंगसंगती नेटकी, आकडे दशांशापर्यंत. मी दोन्ही उपग्रह प्रतिमांच्या तारखा विचारल्या आणि पंचांग उघडलं. जुनी प्रतिमा अमावास्येची, नवी अष्टमीची. तिनं वाढ म्हणून रंगवलेला बराचसा पट्टा केवळ ओहोटीमुळे उघडा पडलेला चिखल होता.

भरती न पाहता खाडी मोजणं

मुंबईच्या अभ्यासातली सगळ्यात महागात पडणारी चूक मला हीच वाटते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला भरतीच बाराच्या आगेमागे. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ हे प्रतिमा घेणारे उपग्रह मुंबईवरून जातात ते नेहमी सकाळी अकराच्या सुमारास. त्यामुळे अमावास्येच्या प्रतिमेत खाडी तुडुंब दिसते, अष्टमीच्या प्रतिमेत उतरलेली. उधाणाला इथलं पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. उधाणाची सगळ्यात खोल ओहोटी मुंबईत सकाळी सहा-सातला किंवा संध्याकाळी येते, आणि त्या वेळी हे उपग्रह डोक्यावर नसतात. खाजणाची खालची कड या प्रतिमांत येतच नाही. म्हणून ‘खाडीत एकूण इतकं हेक्टर खाजण’ असं लिहू नका, पाणी किती असताना मोजलं ते लिहा. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही प्रतिमा सारख्या तिथीच्या आणि सारख्या ऋतूच्या घ्या, मग भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. ऋतू यासाठी, की भांडुप-मुलुंडकडची मिठागरं पावसाळ्यानंतर पाणी म्हणून मोजली जातात आणि मे महिन्यात उघडी जमीन म्हणून.

कांदळवनाच्या कडेलाही हेच होतं. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानं कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा आहे. लँडसॅटचा एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सगळ्यात लहान चौकोन, ३० मीटरचा, म्हणजे त्या पट्ट्यात पुरते दोन पिक्सेलही बसत नाहीत. कडेचा एक पिक्सेल ‘पाणी’ ठरला की संरक्षणाची रेघच सरकते, आणि त्या रेघेवर पुढे कोणी भराव टाकू शकतो. या कामाला लँडसॅट वापरू नका. १० मीटरची सेंटिनेल प्रतिमासुद्धा कडेवर चालत जाऊन, जीपीएसनं पडताळल्याशिवाय विश्वासाची नाही.

पुराच्या नकाशाला एसआरटीएमची उंची लावणं

एसआरटीएम म्हणजे अंतराळयानातून रडारनं केलेली उंचीची मोजणी, फेब्रुवारी २००० मधली. तिच्यात मिळते ती जमिनीची नव्हे, इमारतींच्या गच्च्या आणि झाडांचे शेंडे मिसळलेली उंची. तिची चूक कित्येक मीटरची असू शकते, आणि दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबतं ते उंचीतल्या मीटर-दोन मीटरच्या फरकानं. असा नकाशा तिथली गच्ची उंच दाखवतो आणि रस्ता कोरडा. निदान इमारती-झाडं वजा केलेली उंची वापरा, आणि पाणी कुठे किती साचतं याच्या स्थानिक नोंदींशी ती जुळते का ते बघा. जुळत नसेल तर नोंदींवर विश्वास ठेवा.

पावसाचंही तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिमीच्या आत. या दोन केंद्रांमधून सॉफ्टवेअर गुळगुळीत पृष्ठभाग काढून देईल, पण मधल्या परळ-माटुंग्याचा आकडा त्यातून वाचणं म्हणजे अंदाज. मधली जास्तीत जास्त पर्जन्यमापकं घ्या.

क्षेत्रफळ फुगलंय?

वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात, मोजलंत तर मुंबईच्या अक्षांशावर १०० हेक्टरचे सुमारे ११२ होतात. मोजण्याआधी थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात न्या, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन आली, तर शेपफाइलचं (थर साठवणाऱ्या फाइलचं) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे का पाहा, किंवा सरळ जिओपॅकेज हा दुसरा फाइल-प्रकार वापरा. तक्ते जोडताना काही ओळी रिकाम्या राहिल्या, तर एकाच भागाला एकीकडे ‘शीव’ आणि दुसरीकडे ‘सायन’ लिहिलेलं असण्याची शक्यता दाट आहे. नावाऐवजी क्रमांकानं जोडा. २०११ च्या जनगणनेचे आकडे आजच्या प्रभागांना तसेच चिकटवू नका, मधल्या काळात प्रभागांच्या सीमा बदलल्या आहेत.

‘मोकळी जमीन’

जमिनीच्या वापराच्या नकाशात हा वर्ग दिसला की मी थांबते. वरळी किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात वरून जी रिकामी वाळू दिसते, तिथे मासळी वाळते, जाळी विणली जातात, पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हाच्या भेटीत वाळवण दिसणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जा, छापील नकाशा सोबत घ्या आणि मासळी पसरणाऱ्या मावशींना विचारा की ही जागा कोणाची, किती घरं वापरतात, कुठपर्यंत. त्या बोटानं हद्द दाखवतील. ती त्याच कागदावर पेन्सिलीनं काढून घ्या आणि घरी येऊन त्या थराला ‘मासळी वाळवण’ असं नाव द्या.