आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवताय? या चुका टाळा

खोटं सांगून आणणं

"चल आई, दवाखान्यात तपासून येऊ." सगळ्यात अवघड प्रवेश याच वाक्यानं सुरू होतात. हातात एक पिशवी, तीत दोन साड्या आणि औषधांचा डबा. फॉर्म भरला, पैसे भरले, की मुलगा "गाडी लावून येतो" म्हणून निघून जातो. पुढचं मावशींनी आणि सिस्टरनी निस्तरायचं.

अशाच आणलेल्या एक आजी. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकरनं चालायच्या, स्मरणशक्ती लख्ख. "पंधरा दिवसांत न्यायला येतो" असं त्यांना सांगितलेलं. त्यांनी कपाटाला हात लावला नाही. पिशवी भरलेलीच उशाशी, आणि रोज चार वाजता फाटकाजवळच्या बाकावर. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचं नावसुद्धा विचारलं नाही. पंधरा दिवसांसाठी कशाला विचारायचं? सोळाव्या दिवशी फोनवर "डॉक्टर अजून महिनाभर म्हणतात" ऐकलं आणि त्यांनी फोनवर येणंच बंद केलं. पुढच्या आठवड्यात उशीचा अभ्रा बदलताना आत बीपीच्या अकरा गोळ्या सापडल्या. सिस्टरसमोर तोंडात घ्यायच्या, मग काढून ठेवायच्या.

शेवटी मुलगा आला, शेजारी बसला आणि खरं बोलला: घरी दिवसभर कोणी नसतं, तू दोनदा पडलीस, आता इथेच राहायचंय, मी दर रविवारी येईन. आजी रडल्या, त्याला नाही नाही ते बोलल्या, रात्री जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींना म्हणाल्या, "दोन हँगर मिळतील का?" साड्या कपाटात गेल्या.

म्हणून किमान महिनाभर आधी सांगा, सगळ्या भावंडांनी एकत्र बसून सांगा, आणि कारण खरं तेच द्या. आधी एकदा तिथं दुपारच्या जेवणाला घेऊन जा, मग तीन-चार दिवस राहून बघू द्या. पलंग कुठला, बरोबर काय न्यायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. ज्यांना या सगळ्याला वेळ नसतो, त्यांचा वेळ पुढे सहा महिने फोनवरच्या रडारडीत जातो.

स्मृतिभ्रंश असेल तर लांबलचक समजावणं टिकत नाही. तिथं छोटं आणि खरं वाक्य बोला: "आज इथं झोपायचं, मी उद्या दहाला येतो." आणि दहाला या. "मला घरी जायचंय" हे बहुतेक तिन्हीसांजेला सुरू होतं. अंधारायच्या आधीच दिवे लावा, चहा द्या, वाद घालू नका. घरी कोण कोण आहे, अंगणात काय लावलंय, ते विचारा.

पलंग मिळेल तसा घेणं

घरी तीस वर्षं उजव्या बाजूनं उतरायची सवय, आणि इथं उजवीकडे भिंत. रात्री दोनला लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत सवयीनंच वळतो, आणि पडतो. त्यामुळे पहिल्या दिवशी कपडे लावायच्या आधी पलंग लावा. उतरायची बाजू घरच्यासारखी ठेवा. काठावर बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. बहुतेकांना गादीसकट 18 ते 20 इंच उंची बसते. मायेनं घरची जाड गादी वर घालू नका, चार इंच वाढले की पाय लोंबकळतात. वॉकर हाताला येईल तिथं, रात्रीचा दिवा बाथरूमच्या वाटेवर. दिवसा तीनदा ती वाट चालवून घ्या आणि एकदा दिवे मालवल्यावर, मावशींना बरोबर घेऊन. लघवी वाढवणारी गोळी सकाळची असेल तर यादीत "सकाळी" असं ठळक लिहा. ती चुकून रात्री दिली गेली, की रात्रभर फेऱ्या.

बाकीच्या चुका

औषधं सुटी काढून डब्यात आणू नका; मूळ स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी द्या. पार्किन्सनची लेवोडोपा ही गोळी घरी ज्या वेळांना देत होता त्या वेळा लिहून द्या. ती तिथल्या जेवणाच्या वेळेवर सरकली की अंग आखडतं, आणि लोक म्हणतात, "आल्यापासून खचले."

नवे कपडे घेऊ नका. जुनेच द्या, आतून शिवणीजवळ न पुसणाऱ्या मार्करनं नाव घालून.

कवळी कागदी रुमालात गुंडाळून ताटात ठेवली जाते आणि खरकट्यात जाते. नाव लिहिलेली डबी द्या. कानाच्या मशीनची 312 नंबरची बॅटरी साधारण आठवडाभर पुरते; स्टिकर काढून मिनिटभर थांबून मग बसवायची, हे मावशींना करून दाखवा. मशीन बंद असलेल्या माणसावर "हट्टी" असा शिक्का बसतो.

आल्या दिवशी वजन करा, मग दर महिन्याला. 60 चं 57 झालं तर डॉक्टरांना दाखवा, "जेवण आवडत नसेल" म्हणून सोडू नका.

एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्ट बोलणं, दिवसभर गुंगी, हे जागा बदलल्यामुळे असं गृहीत धरू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम आणि साखर, नव्यानं सुरू झालेली गोळी, हे आधी तपासून घ्या. आणि कृपा करून झोपेची गोळी मागू नका.

"महिनाभर जाऊ नका, आपोआप रुळतील" हा सल्ला ऐकू नका. पहिले दहा दिवस रोज, ठरलेल्या वेळी, अर्धा-पाऊण तास जा. जेवणाच्या घंटेआधी पोचा, म्हणजे तुम्ही निघाल्यावर त्यांना पंगतीत जाता येतं. आणि निघताना सांगून निघा.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला विसरू नका. बोटांचे ठसे उमटत नसतील तर जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेत मोबाइलवर चेहरा दाखवून तो काढता येतो. स्वतःची पेन्शन थांबली की माणूस धास्तावतो.

घरची त्यांची खोली निदान तीन महिने जशीच्या तशी ठेवा. बदलणार असाल तर दिवाळीला घरी आणायच्या आधी सांगा, आणि पलंगाखालच्या ट्रंकेतलं काय ठेवायचं, काय द्यायचं, ते त्यांनाच विचारा.