चालण्याचा वेग पुरेसा आहे का, हे कसे ओळखावे?

चालण्याच्या व्यायामाचा वेग ठरवताना मनगटावरील घड्याळात दिसणाऱ्या हृदयगतीच्या आकड्यांपेक्षा स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येते, पण अभंगाची ओळ सलग म्हणता येत नाही, इतपत धाप लागत असेल तर व्यायाम मध्यम तीव्रतेचा समजावा. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो तीव्र झाला, आणि गाणे सहज म्हणता आले तर ती शतपावली होय. जेवणानंतर तीही चांगलीच. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सुचवलेल्या आठवड्याच्या १५० ते ३०० मिनिटांत ती मोजू नये.

व्यायामाची तीव्रता नाडीवरून ठरवण्यासाठी २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती (मिनिटाला हृदयाचे जास्तीत जास्त ठोके) काढण्याचे सूत्र सर्रास सांगितले जाते. परंतु तो आकडा सरासरीचा असतो, आणि एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच मंद राहत असल्याने त्यांनी या सूत्रावर मुळीच विसंबू नये. छातीत दुखू लागल्यास किंवा चक्कर आल्यास कोणतीही कसोटी न लावता तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.