गेइशेची बाहुली पारखताना

जपानी गेइशेची म्हणून विकली जाणारी बाहुली घेण्यापूर्वी ती पाठमोरी करून पाहावी, कारण तिची खरी ओळख पाठीकडूनच पटते. ओबी, म्हणजे किमोनोवरचा रुंद पट्टा, पुढे बांधलेला असेल तर ती गेइशा नसून बहुधा ओइरान, म्हणजे जुन्या काळातील उच्च श्रेणीची गणिका असते. ही गल्लत नृत्य, गायन व वादनाला आयुष्य वाहणाऱ्या गेइशांवर अन्याय करणारी आहे.

ओबीची टोके घोट्यापर्यंत लोंबत असतील, कॉलर लाल असेल आणि पायांत उंच खडावा असतील, तर ती क्योतोची माइको, म्हणजे शिकाऊ कलाकार होय. पुढे ती गेइको, म्हणजे पूर्ण शिकलेली गेइशा झाली, की कॉलर पांढरी होते. मानेवरच्या पांढऱ्या रंगात मोकळ्या त्वचेच्या दोन निमुळत्या रेघा दिसल्या, तर कारागिराने मन लावून काम केले आहे असे खुशाल समजावे. किमोनोची डावी बाजू उजवीवर आलेली असावी. याच्या उलट केवळ मृतांना नेसवतात.

फुकुओकाच्या हाकाता बाहुल्या भाजलेल्या मातीच्या असून त्यांवर झिलई नसते, म्हणून त्यांना ओले फडके मुळीच लावू नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी आणि त्या उन्हापासून दूर ठेवाव्यात.