हब-गिअरची जुनी सायकल पारखताना
नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला गेलेल्यांनी शहरातल्या रोजच्या प्रवासासाठी मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातच, गिअर असलेली सायकल घ्यावी, कारण तिचे गिअर पावसाचिखलापासून झाकलेले असतात आणि सिग्नलपाशी उभे राहूनही बदलता येतात. सपाट शहरात शिमानो कंपनीच्या नेक्सस या हब-गिअरचे तीन गिअर पुरतात; समोरून वारा येऊ लागला की मात्र सात किंवा आठ गिअरचे मोल कळते. पैसे कमी असतील, तर स्वस्तातल्या नव्या सायकलीपेक्षा नामांकित कंपनीची जुनी सायकल दुकानातून, पावती आणि हमीसह घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. घेण्यापूर्वी ती चालवून प्रत्येक गिअरवर जोर द्यावा. जोर देताच पायडल मोकळे फिरून निसटत असेल, तर सात किंवा आठ गिअरच्या नेक्ससवर चौथा गिअर लावून हबजवळच्या दोन रंगीत खुणा जुळतात का, ते पाहावे. त्या जुळत नसतील, तर गिअरची केबल थोडी ताणून वा सैल करून बहुधा काम भागते. जुळत असूनही पायडल निसटत असेल, तर दोष हबच्या आत असण्याची शक्यता मोठी, आणि अशी सायकल स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. चोरीच्या सायकली तिथे सर्रास विकल्या जातात, म्हणून फ्रेमवरचा क्रमांक आरडीडब्ल्यू या डच वाहन-नोंदणी संस्थेच्या चोरीच्या सायकलींच्या नोंदवहीत आधी तपासावा.