निघण्याआधी तीन ओळी

टीमचं काम डोक्यात घेऊनच घरी जात असाल, तर एवढं करून बघा. निघायच्या दहा मिनिटं आधी ग्रुपवर तीन ओळी टाका: आज काय झालं, कुठे अडलंय, पुढचं कोण करणार.

फक्त 'चालू आहे' लिहू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. 'कोटेशन तयार आहे, जीएसटीचा आकडा अकाउंट्सकडून यायचाय, आला की सकाळी मी पाठवते', असं लिहा.

मुंबईचे डबेवाले 1890 पासून असंच काम करतात. घरून डबा उचलणारा एक, ऑफिसात पोचवणारा दुसराच. मधे डबा कितीतरी हातांतून जातो, पण झाकणावरचे रंग, अक्षरं आणि आकडे पाहून पुढच्याला बरोबर कळतं. दर वेळी फोन लावून विचारत बसत नाहीत!

मी आधी ठाणे लोकलच्या दारात उभी राहून मेसेजना उत्तरं द्यायचे. घाटकोपरला गर्दीत फोन हातातून निसटता निसटता राहिला, तेव्हा अक्कल आली. आता सीएसएमटीला गाडीत चढले की ग्रुप म्यूट. अगदीच अडलं तर फोन करा, असं सांगून ठेवलंय. साहेबांनी आधी जरा नाक मुरडलं, पण महिनाभरात फोन आले दोनच.

आणि हो, त्या तीन ओळींतलं स्वतः केलेलं एखादं काम डायरीत टिपून ठेवा. टीमच्या कामात आपला वाटा आपणच विसरतो, आणि अप्रेझलच्या वेळी आठवत बसतो.