पुढच्या भागावरच्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात : 'द लास्ट जेडाय'च्या निमित्ताने

डिसेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेचा आठवा भाग, 'द लास्ट जेडाय', प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याबद्दल दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. अमेरिकेत चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचे मत नोंदवणाऱ्या सिनेमास्कोरने त्याला 'ए' श्रेणी दिली. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर मात्र समीक्षकांची पसंती नव्वद टक्क्यांच्या आसपास असताना प्रेक्षकांची पसंती घसरत घसरत पन्नासच्याही खाली गेली. अशा वेळी चाहत्यांना चित्रपट आवडला की नाही, हा प्रश्न सोडवायचा असेल तर आकडे बाजूला ठेवून आधी एवढेच पाहावे की प्रत्येक ठिकाणी विचारले कोणाला होते.

सिनेमास्कोर पहिल्या रात्री तिकीट काढून आलेल्यांकडून कार्डे भरून घेते. पहिल्या रात्री येणारा प्रेक्षक मुळातच मालिकेवर जीव असलेला असतो, त्यामुळे त्याचे गुण सढळ असतात, आणि म्हणून ते त्याच मालिकेच्या इतर भागांशी ताडून पाहावे लागतात. याच मालिकेच्या २०१९ च्या नवव्या भागाला 'बी प्लस' मिळाली. ऐकायला ही श्रेणी बरी वाटते, पण मालिकेच्या फूटपट्टीवर ती स्पष्ट नाराजी आहे. रॉटन टोमॅटोजवर २०१७ मध्ये कोणीही मत देऊ शकत असे, चित्रपट पाहिलेला असो वा नसो. मे २०१९ पासून तिथे तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे काढले जाऊ लागले, म्हणून त्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये.

यानंतर प्रतिक्रियेची तारीख पाहावी. १९८० मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये खलनायक डार्थ व्हेडरने मालिकेचा नायक ल्यूक याला आपण त्याचा बाप असल्याचे सांगितले, तेव्हा व्हेडर खोटे बोलत असावा असे मानणारे चाहते १९८३ पर्यंत, म्हणजे पुढचा भाग येईपर्यंत, वाद घालत होते. आज तोच भाग अनेकांना मालिकेतला सर्वोत्तम वाटतो. यावरून नाराजी नेहमीच निवळते असा निष्कर्ष मात्र काढू नये. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'ला पहिल्या रात्री 'ए मायनस' मिळाली होती, पुढे जुन्या चाहत्यांनी त्याला वर्षानुवर्षे नावे ठेवली, आणि तो लहानपणी पाहिलेली मुले मोठी झाल्यावर त्याच्या बाजूने बोलू लागली. लिहिणाऱ्याची मालिकेशी गाठ कोणत्या वयात पडली, हे कळले तर निम्मी प्रतिक्रिया उलगडते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो चाहत्याने नाव घेतलेल्या प्रसंगाला. २०१५ च्या सातव्या भागाच्या शेवटी रे ही तरुणी एका बेटाच्या दगडी पायऱ्या चढून वर जाते (हे चित्रण आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडच्या स्केलिग मायकल बेटावर झाले होते) आणि पाठमोऱ्या ल्यूकसमोर त्याचा जुना लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या पात्याची तलवार, धरते. तो वळतो, बोलत काहीच नाही, आणि चित्रपट संपतो. त्या दोघांमधले चार पावलांचे अंतर चाहत्यांनी पुढची दोन वर्षे आपापल्या कथांनी भरून काढले. मग २०१७ मध्ये ल्यूकने तो लाइटसेबर हातात घेतला आणि खांद्यावरून मागे भिरकावून दिला.

'ल्यूकचा अपमान केला' हे वाक्य तुम्हाला शेकडो वेळा वाचायला मिळेल. प्रत्येक वेळी त्याच्यापुढे 'कारण' हा शब्द लावून लिहिणारा पुढे काय म्हणतो ते शोधावे. काहींचे कारण एवढेच असते की त्यांनी मनात रचलेले उत्तर पडद्यावर आले नाही. हे दुःख खरे आहे, पण तो चित्रपटातला दोष नव्हे. काहींचे कारण मात्र कथेच्या आतले असते. १९८३ च्या भागात ल्यूकने लाइटसेबर फेकला होता तो बापाला मारायचे नाही म्हणून. बापाबद्दलची आशा न सोडणारा हा माणूस आठव्या भागात झोपलेल्या भाच्यावर शस्त्र उगारायच्या टोकाला कसा गेला, असे ते विचारतात. हा प्रश्न वजनदार आहे आणि त्याला तितकेच वजनदार उत्तरही आहे : ल्यूक सर्वांना सोडून नाहीसा झाला, हे सातव्या भागानेच ठरवून ठेवले होते आणि दिग्दर्शक रायन जॉन्सन यांना त्याचे कारण द्यावेच लागणार होते. खुद्द ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल यांनी त्याच्या या चित्रणाशी आपण सहमत नसल्याचे उघडपणे सांगितले आणि ते जाहीरपणे बोलल्याबद्दल नंतर खेदही व्यक्त केला. इतक्या जवळच्या माणसाचे मन दुभंगू शकते, तर चाहत्याच्या नाराजीला आडमुठेपणा म्हणून मोडीत काढणे मला योग्य वाटत नाही.

जी प्रतिक्रिया माणसावर घसरते, ती मात्र मोजूच नये आणि पुढेही पाठवू नये. आठव्या भागात रोझची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रान यांनी वंश आणि रूपावरून झालेल्या छळानंतर जून २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरची आपली छायाचित्रे काढून टाकली. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'मध्ये जार जार बिंक्स हे पात्र साकारणाऱ्या अहमद बेस्ट यांनी, त्या वेळच्या हेटाळणीने आपल्या मनात आत्महत्येचे विचार आले होते, हे २०१८ मध्ये सांगितले. भूमिका कशी लिहिली गेली यावर हवे तितके कठोर लिहावे; नट-नटीच्या दारात जाऊन शिव्या देणे याला प्रतिक्रिया म्हणत नाहीत.

गल्ल्याचा आकडा वापरायचाच असेल तर जपून वापरावा. सातव्या भागाने जगभरात सुमारे २०७ कोटी डॉलर, आठव्याने १३३ कोटी, नवव्याने १०७ कोटी मिळवले. ही मालिका तीन-तीन भागांच्या गटांत आली आणि गटातल्या मधल्या भागाची कमाई घटणे या मालिकेला नवे नाही. २००२ चा भागही १९९९ च्या भागापेक्षा मागे पडला होता. पण त्याच गटातल्या २००५ च्या तिसऱ्या भागाने पुन्हा उसळी घेतली होती, तशी २०१९ मध्ये घेतली गेली नाही, म्हणून चाहते दुरावले का हे तपासायचे असेल तर २०१७ पेक्षा २०१९ ची घट अधिक बोलकी आहे.

हे सगळे वाचण्याआधी स्वतःची प्रतिक्रिया कागदावर उतरवलेली असावी. चित्रपटगृहातून घरी पोहोचेपर्यंत कोणाचेही काही वाचू नये, चार ओळी लिहाव्यात, त्यात निदान एका प्रसंगाचे नाव असावे, आणि महिन्याभराने चित्रपट पुन्हा पाहून पहिला कागद न उघडता पुन्हा चार ओळी लिहाव्यात. माझ्या पहिल्या कागदावर फक्त भिरकावलेला लाइटसेबर होता. दुसऱ्यावर शेवटची झुंज होती : पांढऱ्या मिठाच्या थराखाली लाल माती असलेल्या त्या ग्रहावर भाच्याच्या प्रत्येक पावलाला तांबडा ठसा उमटतो आणि ल्यूकच्या पायाखालचे मीठ जराही हलत नाही, हे मला दुसऱ्या खेपेलाच दिसले.